परदेशी विद्यापीठाचा अर्ज : पदवीनंतरचे एक वर्ष हाताशी ठेवा

परदेशी शिक्षण ही आता केवळ बंगलेवाल्यांच्या मुलांची गोष्ट राहिलेली नाही. महापालिकेतील सफाई कामगाराच्या, एस.टी.च्या वाहकाच्या, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या आईच्या घरातील मुले-मुली आज लंडन, एडिंबरो, मँचेस्टर येथील विद्यापीठांत शिकत आहेत. त्यांतील पुष्कळांच्या घरात त्यांच्याआधी कोणी पासपोर्टही काढलेला नव्हता. हे चांगलेच झाले. पण जे गेले त्यांच्या कितीतरी पट मुले अर्ज करून थांबली, आणि थांबण्याचे कारण नेहमी गुण कमी पडले हेच नसते. आमच्याकडे दर उन्हाळ्यात आईबाप कागदांची पिशवी घेऊन येतात. मुलाला विद्यापीठाचे पत्र आलेले असते, पैशाची सोय नसते आणि मुदत संपायला आठ दिवस उरलेले असतात. त्या आठ दिवसांत फारसे काही करता येत नाही. जे करायचे ते दीड वर्ष आधी सुरू करावे लागते, म्हणून हा लेख आम्ही त्या दीड वर्षाविषयी लिहीत आहोत.

सगळ्या देशांचे सगळे नियम एका लेखात सांगता येणार नाहीत. आम्ही ब्रिटनचेच उदाहरण घेतो, कारण तेथील एम.ए. किंवा एम.एस्सी. बहुधा एका वर्षात पूर्ण होते, आणि आपल्या मुलांना मिळू शकणाऱ्या सरकारी शिष्यवृत्त्यांवर तेथे जाणाऱ्यांची संख्याही मोठी आहे.

पहिली गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. प्रवेशाची खिडकी वेगळी आणि पैशाची खिडकी वेगळी. विद्यापीठाने प्रवेश दिला म्हणजे शिष्यवृत्ती मिळाली असे नाही, आणि बरेच शिष्यवृत्तीवाले प्रवेशाचे पत्र हातात असल्याशिवाय अर्जच घेत नाहीत. दोन्ही खिडक्यांची वेळ वेगळी आहे. घोडे पेंड खाते ते येथेच.

बाबासाहेबांच्या शिक्षणाची हकिगत आपण जयंतीला दरवर्षी ऐकतो, पण या दृष्टीने तिच्याकडे क्वचितच पाहतो. १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. १९१६ साली ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले, आणि दुसऱ्याच वर्षी शिष्यवृत्ती संपल्यामुळे त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परत यावे लागले. येण्यापूर्वी त्यांनी एक काम केले. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून घेऊन ठेवली. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत झाली, नवल भथेना या पारशी मित्राने कर्जाऊ रक्कम दिली, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२३ साली डी.एस्सी. म्हणजे त्यांनी आधी जागा राखून ठेवली आणि नंतर पैसा उभा केला. आपल्या मुलांनाही आज बहुतेक वेळा याच क्रमाने जावे लागते.

गणित महिन्यांचे

ब्रिटनमध्ये वर्ष सप्टेंबरात सुरू होते. त्याचे अर्ज आदल्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरपासून घेतले जातात. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या बऱ्याच अभ्यासक्रमांची मुदत डिसेंबर-जानेवारीतच संपते, इतर ठिकाणी उशिरापर्यंत चालते, पण चांगल्या जागा आधी भरतात.

आता समजा तुमची मुलगी बी.ए.च्या किंवा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने नोव्हेंबरात अर्ज केला, जानेवारीत पत्र आले. घरात आनंदीआनंद. परंतु त्या पत्रावर 'कंडिशनल' असे लिहिलेले असते. म्हणजे प्रवेश सशर्त आहे. शेवटच्या वर्षाचा निकाल, पदवीचे प्रमाणपत्र, इंग्रजीच्या परीक्षेचे गुण ही सगळी पूर्तता झाली की तो बिनशर्त होणार. आपल्या विद्यापीठांचे निकाल जून-जुलैत, कधी त्याहून उशिरा. आणि केंद्र सरकारची शिष्यवृत्ती मागते ते बिनशर्त पत्र! तिचे अर्ज अलीकडच्या वर्षांत बऱ्याचदा फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास मागवले गेले आहेत. शेवटच्या वर्षाची मुलगी तेव्हा बिनशर्त पत्र आणणार कोठून?

म्हणून आमचे स्पष्ट मत असे आहे की पदवीच्या शेवटच्या वर्षात अर्जाची धावपळ करू नये. त्या वर्षी अभ्यास करून गुण मिळवावेत. पदवी हातात आल्यावर एक वर्ष घ्यावे. त्या वर्षात नोकरी करावी, इंग्रजीची परीक्षा द्यावी, कागद जमवावेत आणि ऑक्टोबरात अर्ज करावा. सगळी गुणपत्रके हातात असल्यामुळे पत्र बिनशर्त येऊ शकते आणि शिष्यवृत्तीची खिडकी उघडण्याआधी ते आपल्याजवळ असते.

हे वर्ष घरच्यांना जड जाते, याची आम्हाला जाणीव आहे. शेजारीपाजारी विचारतात, एवढी शिकून घरी बसली का? मुलीच्या बाबतीत तर लगेच स्थळे सुचवली जातात. आईवडिलांनी त्या वर्षात ठाम राहायचे असते, आणि खरे सांगायचे तर मुलांनी अर्ज भरण्याइतकेच हेही काम मोठे आहे. शिवाय ते वर्ष वाया जात नाही. ब्रिटिश सरकारची चिव्हनिंग शिष्यवृत्ती आहे, तिला २,८०० तासांचा, म्हणजे सुमारे दोन वर्षांचा कामाचा अनुभवच लागतो. त्यात अर्धवेळ काम आणि स्वयंसेवी कामही धरले जाते. वस्तीतल्या अभ्यासिकेत दोन वर्षे शिकवले असेल, एखाद्या संस्थेसाठी सर्वेक्षण केले असेल, तर त्याचे पत्र तारखांसह घेऊन ठेवावे. चिव्हनिंगचे अर्ज ऑगस्टमध्ये सुरू होतात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला बंद होतात. शिक्षण संपल्यावर दोन वर्षांसाठी मायदेशी परतण्याची अट तिला आहे.

कोणती शिष्यवृत्ती

केंद्राची 'नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप' १९५४-५५ पासून चालू आहे. पण बौद्धांना तिचा रस्ता बराच काळ बंद होता, कारण धर्मांतरितांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत स्थान नव्हते. १९९० साली ती दुरुस्ती झाली. हा इतिहास नव्या पिढीने विसरू नये, कारण जातीच्या दाखल्यावर काय लिहिले आहे याला त्यामुळेच आजही महत्त्व आहे. या योजनेत एकूण १२५ जागा आहेत, त्यांतील ११५ अनुसूचित जातींसाठी. पदवीला किमान ६० टक्के गुण, वय ३५ च्या आत, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत, आणि विद्यापीठ क्यू.एस. या जागतिक क्रमवारीत पहिल्या ५०० मध्ये असावे लागते. ३० टक्के जागा मुलींसाठी राखून आहेत. ब्रिटनसाठी निर्वाहभत्ता वर्षाला ९,९०० पौंड, फी व विमानभाडे वेगळे.

राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती ही अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. जागा ७५, विद्यापीठ पहिल्या २०० मधले हवे, आणि अर्ज पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयाकडे जातो. तिची जाहिरात साधारण उन्हाळ्याच्या सुमारास येते. उत्पन्नाचे आणि गुणांचे नियम अलीकडे बदलत आले आहेत, तेव्हा गेल्या वर्षी गेलेल्या मुलाच्या सांगण्यावर विसंबू नये, त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचावी. दोन्ही योजना पदव्युत्तर शिक्षणासाठी व पीएच.डी.साठी आहेत. बारावीनंतर मुलाला बाहेर पाठवायचे आणि सरकार खर्च देईल, असे जर कोणी सांगत असेल तर ते खरे नाही.

केंद्राच्या योजनेविषयी एक खटकणारी गोष्ट सांगितलीच पाहिजे. २०२२ च्या नियमावलीत भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. १९१६ च्या मे महिन्यात बाबासाहेबांनी कोलंबियात भारतातील जातींवर निबंध वाचला होता. तोच विषय घेऊन आज एखादी मुलगी उभी राहिली तर तिला या योजनेत जागा मिळणे कठीण! समाजशास्त्र किंवा इतिहास घेणाऱ्यांनी चालू वर्षाची नियमावली नीट पाहून राज्याच्या योजनेचा आणि इतर शिष्यवृत्त्यांचा आधी विचार करावा.

आणखी एक. निवड झाली म्हणजे पैसे आले, असेही समजू नये. २०२५ साली केंद्राच्या यादीत १०६ जणांची निवड झाली, पण सुरुवातीला ४० जणांनाच तात्पुरती पत्रे मिळाली. बाकीच्यांना निधी उपलब्ध झाल्यावर पाहू, असे कळवण्यात आले. निवड झालेल्या मुलांचा तो जुलै महिना कसा गेला असेल, याची कल्पना करावी.

कागद

आपल्या घरांत कागद असतात, पण एकाचा दुसऱ्याशी मेळ नसतो. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि शेवटी आईचे नाव, आधारकार्डावर आडनाव शेवटी, वडिलांच्या दाखल्यावर जुने आडनाव आणि मुलाच्या दाखल्यावर गावावरून घेतलेले. येथे चालून जाते, तेथे विचारले जाते. म्हणून सर्वांत आधी पासपोर्ट काढावा. साध्या पासपोर्टची फी १,५०० रुपये आहे. त्यावर जे नाव येईल तेच विद्यापीठाच्या अर्जात, इंग्रजीच्या परीक्षेत आणि बँकेत एक अक्षराचाही फरक न करता लिहावे. नावात खरोखर बदल असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करून त्याची प्रत जवळ ठेवावी.

जातीचा दाखला, झाले असेल तर जात वैधता प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, वडिलांचा पगाराचा कागद हे सगळे जाहिरात येण्याआधी जमवावे. उत्पन्नाचा दाखला कोणत्या आर्थिक वर्षाचा हवा हे जाहिरातीत लिहिलेले असते. तेवढा एकच मग घाईने काढावा लागेल. काही योजनांत जामीनदार लागतात, त्यांच्याशी आधीच बोलून ठेवलेले बरे. शेवटच्या दिवशी पगारदार नातेवाईक सहीसाठी सापडत नाही, हा सर्वांचा अनुभव आहे.

विद्यापीठातून 'ट्रान्सक्रिप्ट', म्हणजे सर्व सत्रांच्या गुणांचे एकत्रित पत्रक, काढायला चकरा माराव्या लागतात. त्याला महिना लागेल असे धरूनच चालावे.

इंग्रजीच्या आय.ई.एल.टी.एस. परीक्षेची फी आता सुमारे १८ हजार रुपये आहे. ही रक्कम आपल्या घरात लहान नाही, म्हणून ती एकदाच द्यावी लागेल अशी तयारी करून बसावे. बहुतेक ठिकाणी साडेसहा ते सात गुण मागतात आणि निकाल दोन वर्षे चालतो. मराठी माध्यमाच्या मुलांना वाचन-लेखन जमते, ऐकणे आणि बोलणे अडते. त्यासाठी महागडा क्लास लावलाच पाहिजे असे नाही. रोज तासभर इंग्रजी बातम्या ऐकून त्या मोठ्याने कोणाला तरी सांगणे, हे सहा महिने नेमाने केले तर फरक पडतो. काही विद्यापीठे बारावीच्या इंग्रजीच्या गुणांवरही ही परीक्षा माफ करतात. फी भरण्याआधी तसे विचारून घ्यावे.

स्वतःविषयीचे पत्र

अर्जातील सर्वांत अवघड भाग म्हणजे एक-दोन पानांचे निवेदन. मी हा विषय का घेतो, येथेच का येतो, पुढे काय करणार. आम्ही अशी पुष्कळ निवेदने वाचली आहेत. त्यांत दोन प्रकार फार दिसतात. एकात कोठून तरी उचललेली गुळगुळीत वाक्ये असतात, मला लहानपणापासून जगाविषयी कुतूहल आहे वगैरे. दुसऱ्यात घरच्या हालअपेष्टांचे वर्णन पान भरून असते, आणि विषय शेवटच्या चार ओळींत येतो. गरिबी सांगायला लाज वाटू नये, पण प्रवेश देणारा प्राध्यापक पाहतो तो विद्यार्थी विचार कसा करतो हे.

आपल्या मुलांजवळ सांगण्यासारखे असते, ते त्यांना ठाऊक नसते एवढेच. समजा एका मुलीचे वडील कंत्राटी सफाई कामगार आहेत आणि तिला सार्वजनिक आरोग्य शिकायचे आहे. बाबांनी किती कष्ट केले, एवढेच लिहून ती थांबली तर ते निवेदन अपुरे आहे. हाताने मैला साफ करण्याला बंदी घालणारा कायदा २०१३ साली झाला, तरी गटारात माणसे उतरतात, यात कंत्राटाची पद्धत कोठे आडवी येते, कामगाराच्या आजाराची नोंद कोणाकडे होते की होतच नाही, हा प्रश्न मला पडला, त्यासाठी मी अमुक वाचले, वस्तीत अमुक विचारपूस केली, आणि तुमच्या अभ्यासक्रमातील अमुक विषयात मला याची पद्धत शिकता येईल, असे तिने लिहावे. कोलंबियाच्या त्या चर्चासत्रात बाबासाहेबांनी तरी काय केले? जे सोसले होते त्याला शास्त्राचा प्रश्न बनवून मांडले.

निवेदन मुलाने स्वतः लिहावे. पैसे देऊन लिहून घेतलेले चटकन ओळखू येते, आणि यंत्राकडून लिहून घेतलेलेही. इंग्रजी साधे असले तरी चालते.

शिफारसपत्रांची गोष्ट वेगळी आहे. १९१६ साली कोलंबियाचे प्रा. सेलिग्मन यांनी लंडनच्या प्रा. फॉक्सवेल यांना बाबासाहेबांविषयी पत्र लिहिले होते, तेव्हा हा रिवाज जुनाच. आता पत्र प्राध्यापकाच्या ई-मेलवर विद्यापीठ परस्पर मागवते. अडचण अशी की कॉलेजच्या नावाचा ई-मेल आपल्याकडील बऱ्याच प्राध्यापकांजवळ नसतो आणि साध्या पत्त्यावरून आलेले पत्र काही विद्यापीठे मान्य करत नाहीत. प्राचार्यांना भेटून आधीच तशी सोय करून घ्यावी. सरांना आपली गुणपत्रके, निवेदन आणि मुदतीची तारीख एका कागदावर द्यावी, आठ दिवसांनी नम्रपणे आठवण करावी. ज्या शिक्षकांनी खरोखर शिकवले त्यांचे पत्र घ्यावे. मोठ्या पुढाऱ्याच्या पत्राचा येथे उपयोग होत नाही.

फुकट सल्ला देणारे

मोठ्या शहरांत 'मोफत मार्गदर्शन' असे फलक लावलेली कार्यालये आहेत. मोफत कसे परवडते, हे विचारावे. परदेशी विद्यापीठे त्यांना दर विद्यार्थ्यामागे दलाली देतात. म्हणून ते आपल्या मुलाला ज्या विद्यापीठाकडे ढकलतात ते पुष्कळदा पहिल्या २०० मध्ये नसते, ५०० मध्येही नसते. तेथे प्रवेश पटकन मिळतो आणि शिष्यवृत्तीचा हक्क त्याच क्षणी जातो. मग कर्ज. लंडनमधील एका वर्षाची फी अनेक ठिकाणी २५ ते ३५ हजार पौंडांच्या घरात असते आणि पौंड शंभर रुपयांच्या वर आहे. हिशेब करून पाहा. तारणाशिवाय बँका साधारण साडेसात लाखांपर्यंत देतात, त्यावर घर गहाण. राहती खोली गहाण ठेवून कमी दर्जाच्या विद्यापीठात जाण्यापेक्षा आणखी एक वर्ष थांबलेले शंभर पटीने चांगले, असे आम्ही कोणालाही सांगू.

दलाल लबाडही निघतात. २०२३ साली कॅनडात कित्येक भारतीय विद्यार्थ्यांची प्रवेशपत्रेच बनावट निघाली होती, आणि ती त्यांच्या दलालांनी दिलेली होती. अर्ज विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर भरता येतो, त्याला कोणी मध्यस्थ लागत नाही. ब्रिटनमधील पुष्कळ विद्यापीठे पदव्युत्तर अर्जाची फी घेत नाहीत. जी घेतात त्यांना माफीविषयी लिहून विचारता येते, विचारायला पैसे पडत नाहीत.

जागा राखण्याचे पत्र

प्रवेश मिळाल्यावर विद्यापीठ अनामत रक्कम मागते, हजार-दोन हजार पौंड, कधी त्याहून जास्त. मुदत मे-जूनची, आणि शिष्यवृत्तीचा निकाल त्यानंतर. येथे अनेक घरांतून सावकाराकडे धाव घेतली जाते. त्याआधी प्रवेश कार्यालयाला एक साधे पत्र पाठवावे. माझा अर्ज क्रमांक अमुक, मी महाराष्ट्र सरकारच्या किंवा भारत सरकारच्या अमुक शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला आहे, निकाल अमुक महिन्यात अपेक्षित आहे, तोपर्यंत अनामतीची मुदत वाढवावी आणि निकाल न आल्यास प्रवेश पुढील वर्षासाठी राखून ठेवावा. सोबत अर्जाची पोच जोडावी. दरवेळी होकार येतो असे नाही, पण पुष्कळ वेळा येतो. बाबासाहेबांनी लंडन विद्यापीठाकडून घेतलेली परवानगी ती हीच.

व्हिसासाठी पैसे दाखवण्याचा नियम कडक आहे. नोव्हेंबर २०२५ पासून लंडनसाठी महिना १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड, असे जास्तीत जास्त नऊ महिन्यांचे, आणि ती रक्कम खात्यात सलग २८ दिवस असली पाहिजे. सरकारी शिष्यवृत्ती असेल तर तिच्या पत्रात फी व निर्वाहाची रक्कम आकड्यांत लिहून घ्यावी, म्हणजे ही रक्कम कोणाकडून उसनी आणून खात्यात ठेवण्याची पाळी येत नाही. क्षयरोगाच्या तपासणीचे प्रमाणपत्र ठरवून दिलेल्या केंद्रातूनच लागते. आरोग्यसेवेचा अधिभार विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड आहे. तो कोण भरणार, हे शिष्यवृत्तीच्या कार्यालयाला आधी विचारावे.

आणि जाताना दोन महिन्यांच्या खर्चापुरते पैसे जवळ असावेत. पहिला हप्ता बँकेत जमा व्हायला वेळ लागतो, खोलीचे भाडे मात्र पहिल्या दिवशीच मागतात. पतपेढीतून, वडिलांच्या भविष्य निर्वाह निधीतून किंवा भिशीतून ही रक्कम त्या मोकळ्या वर्षातच थोडी थोडी बाजूला काढावी. मुलीच्या पहिल्या नोकरीचा पगारही त्यातच घालावा.